झाडणाऱ्या गाडीच्या पोटात

हर्सूल टी पॉइंटवरून फुलंब्री-सिल्लोड, म्हणजे अजिंठ्याकडची वाहतूक अखंड चालते. दुभाजकाच्या कडेला साचलेली बारीक माती चाकांनी उडते आणि थेट श्वासात जाते. स्वतःच्या इंजिनावर चालणारी झाडणारी गाडी खरी लागते ती अशाच ठिकाणी.

तिच्या बाजूला जमिनीलगत गोल ब्रश फिरतात. पोलादी तारांचे किंवा प्लास्टिकच्या काड्यांचे हे ब्रश कडेचा कचरा गाडीच्या मध्याकडे ढकलतात. त्यांना फिरवतात हायड्रॉलिक मोटारी: पंप तेलाला दाब देतो, ते तेल नळ्यांतून मोटारीपर्यंत जाते. ब्रशजवळच्या बारीक तोट्या पाण्याचा फवारा सोडतात. पाण्याची टाकी रिकामी असताना गाडी चालवली, तर ती धूळ गोळा करण्याऐवजी उडवतच जाते.

खरी करामत पंख्याची. तो कचऱ्याच्या टाकीतली हवा बाहेर फेकतो. आतला दाब कमी झाला की खालच्या तोंडातून हवा जोरात शिरते आणि माती, खडे, पाने सोबत आणते. टाकी ऐसपैस, त्यामुळे तिथे हवेचा वेग एकदम मंदावतो आणि जड कचरा तळाशी बसतो. पंख्याआधीची जाळी पाने अडवते. जाळी तुंबली की ओढ कमी होते, म्हणून ती रोज धुवायला हवी.

भरलेली टाकी हायड्रॉलिक जॅकने उचलून मागचे दार उघडतात.