बाळाच्या आगमनाची पूर्वतयारी : मोजकी पण नेमकी

घरात नव्या जिवाचे आगमन व्हावयाचे असले की कुटुंबात आनंदाचे वातावरण पसरते. त्याचबरोबर खर्चाची काळजीही सुरू होते. शहरांतील दुकानांत बाळाच्या वस्तूंची रेलचेल असते आणि त्यांतील प्रत्येक वस्तू आवश्यकच आहे, असे भासविले जाते. याउलट, बाळ जन्मण्यापूर्वी त्याच्यासाठी काही आणू नये, अशी समजूत अनेक घरांत आढळते. परिणामी काही कुटुंबे अनावश्यक वस्तूंवर पैसा घालवितात, तर काहींच्या घरी ऐन वेळी एक कोरडे फडकेही हाताशी नसते.

नवजात अर्भकाची खरी निकड तीन गोष्टींची असते : ऊब, आईचे दूध आणि स्वच्छता. या तिन्हींसाठी जे उपयोगी पडते तेवढेच आवश्यक होय.

उबेसाठी कापड

जन्मतः बाळाचे अंग ओले असते. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्याने ते झपाट्याने गार पडते. म्हणून प्रसूतीच्या वेळी स्वच्छ, कोरडी अशी निदान दोन सुती फडकी जवळ असावीत. एक अंग पुसण्यासाठी व दुसरे गुंडाळण्यासाठी. पुसण्याचे ओले फडके तसेच बाळाभोवती ठेवू नये. डोक्यातूनही बरीच उष्णता निघून जात असल्याने सुती टोपडे अगत्याचे आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून पांघरूण घालणे, हा ऊब देण्याचा सर्वोत्तम व बिनखर्चाचा मार्ग होय. पहिले 24 तास बाळाला आंघोळ घालू नये.

यासाठी नवे कापडच हवे असे नाही. वापरून मऊ झालेले सुती लुगडे अथवा धोतर साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवून त्याची दुपटी करता येतात. नव्या कापडाला खळ असते. ते धुतल्यावाचून बाळाच्या अंगाला लावू नये. जन्मापूर्वी नवे काही न आणण्याची प्रथा असलेल्या घरांतही जुन्या कापडाची ही तयारी करण्यास अडचण नसावी.

लंगोटांचा हिशोब

पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसभरात अनेक वेळा लंगोट ओले करते. रोज दहा-बारा लंगोट लागतील, असे धरून चालावे. उन्हाळ्यात ते त्याच दिवशी वाळतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दोन दिवस लागू शकतात. म्हणून उन्हाळ्यात पंधरा व पावसाळ्यात पंचवीस लंगोट पुरेसे व्हावेत. पुढून उघडणारी पाच-सहा झबली, सहा-आठ दुपटी, दोन-तीन टोपडी आणि मच्छरदाणी एवढ्यावर पहिला महिना निभावतो. झबली अधिक घेऊ नयेत, कारण ती लवकरच अपुरी पडतात.

दुधासाठी खरेदी नको

जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत बाळाला अंगावर पाजावे. सुरुवातीचा पिवळसर चीक रोगांपासून संरक्षण देतो; तो पिळून टाकू नये. पहिले सहा महिने बाळाला मध, गुटी अथवा पाणीही देऊ नये. त्यामुळे दुधाची बाटली व भुकटीचा डबा खरेदीच्या यादीत असण्याचे कारण नाही. बाटली व तिचे बूच नीट स्वच्छ होत नाही आणि त्यातून जुलाबाचा विकार जडू शकतो. या उत्पादनांची जाहिरात करण्यास 1992 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, यावरून विषयाचे गांभीर्य ध्यानात यावे. काही कारणाने वरचे दूध देण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिलाच, तर उकळून घेतलेली वाटी व चमचा वापरावा.

स्वच्छता आणि काही टाळावयाच्या गोष्टी

हात धुण्यासाठी साबण व एक तापमापक, ही खरेदी मात्र सार्थकी लागते. बाळाचे तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअस असावे. नाळेला हळद, तेल वा राख लावू नये. ती कोरडी ठेवावी. काजळात शिसे असण्याचा संभव असतो, तर धुरीच्या धुराने कोवळ्या फुप्फुसांना इजा पोहोचते. मोहरीची उशी व जाड, मऊ गादीही नको. सपाट अंथरुणावर बाळाला उताणे निजवावे.

गडचिरोलीचा अनुभव

साध्या साधनांचे सामर्थ्य गडचिरोली जिल्ह्यात सिद्ध झाले आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तेथील 39 गावांत प्रशिक्षित ग्रामीण महिलांकरवी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात 62 टक्के घट झाल्याचे 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. आज आशा कार्यकर्त्या रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी 42 दिवसांत सहा वेळा भेट देतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

पिशवी तयार ठेवावी

काही बाळे अपेक्षेपूर्वी येतात. म्हणून आठवा महिना लागताच एका पिशवीत कपडे, आईचे दोन जोड, स्वच्छ घड्या व माता-बाल संरक्षण कार्ड भरून ठेवावे. पहिलटकरीण माहेरी जाणार असल्यास हे कार्ड तिच्यासोबतच असावे. बी.सी.जी., पोलिओ व कावीळ-ब या जन्मतः द्यावयाच्या लसींची नोंद त्यावरच होते. वाहनासाठी 102 अथवा 108 हे क्रमांक घरातील प्रत्येकास ठाऊक असावेत. 2011 पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमान्वये शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, आहार व वाहतूक विनामूल्य आहे. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावी.

यातून वाचलेला पैसा मातेच्या आहारावर खर्च करणे अधिक हितावह ठरेल. बाळ दूध ओढेनासे झाले, अंगाला गार वा गरम लागले किंवा त्याला धाप लागली, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला छातीशी उबेत धरून तत्काळ रुग्णालयात न्यावे. यादीतील एखादी वस्तू राहून गेली तरी चालेल. ही दक्षता मात्र राहता कामा नये.