बोलीचे दप्तर आणि एडिटरची मांडणी

सर जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला, आणि भिल्ल बोली व खानदेशी यांना वाहिलेल्या त्या भागात मावची या बोलीलाही स्थान मिळाले. सर्वेक्षणाची रीत ठरलेली होती : प्रत्येक बोलीत उधळ्या पुत्राची कथा उतरवून घ्यावयाची, ठराविक शब्दांची आणि वाक्यांची यादी भरवून आणावयाची, आणि हे सारे एकाच साच्यात छापावयाचे. त्या साच्याचे महत्त्व आज अधिक जाणवते. कारण शंभराहून अधिक वर्षे लोटल्यावरही ते पान उघडणाऱ्याला बोलीचा शब्द कोणता, त्याचा अर्थ कोणता आणि नमुना कोणत्या मुलखातला, याविषयी संभ्रम पडत नाही.

सुरत–भुसावळ लोहमार्गावर नवापूर आणि खांडबारा यांच्या दरम्यान येणारे चिंचपाडा हे गाव मावची बोलणाऱ्यांच्या मुलखातले. येथील एखाद्या शिक्षिकेने किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थिनीने आपल्या घरच्या वडीलधाऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द टिपून ठेवावयाचे मनावर घेतले, तर तिला ग्रीअर्सनप्रमाणे कलेक्टर कचेऱ्यांची किंवा सरकारी छापखान्याची गरज नाही. एक साधा लॅपटॉप पुरतो. मात्र जो साचा त्या काळी छापखान्यात होता, तो आता लिहिणाऱ्याच्या समोर, म्हणजे ज्यात अक्षरे टाईप होणार त्या एडिटरमध्येच असला पाहिजे, आणि पहिला शब्द लिहिण्यापूर्वी असला पाहिजे. हे आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण आपल्याकडे उत्साहाने केलेले बोलींचे कितीतरी संग्रह याच एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पुढच्या माणसाला निरुपयोगी ठरतात.

बहुतेक माणसे वर्ड उघडून लिहावयास बसतात. शब्द ठळक करावा, अर्थ साधा ठेवावा, उदाहरण तिरपे करावे, असे मनाशी ठरवून काम सुरू होते. परंतु काही पानांनंतर एखादा महत्त्वाचा अर्थही ठळक होतो, वनस्पतीचे शास्त्रीय नावही तिरपे होते, आणि मग ठळक म्हणजे शब्द की महत्त्व, तिरपे म्हणजे उदाहरण की नाव, हे फक्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक राहते. संगणकाला विचारावे की या संग्रहात उदाहरण नसलेले शब्द किती, तर त्याच्यापाशी उत्तर नसते. त्याला केवळ शाईची जाडी कळते. त्यातही मजकूर जर युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये, म्हणजे श्रीलिपी किंवा आकृती यांसारख्या फाँटमध्ये लिहिला असेल, तर तो फाँट नसलेल्या यंत्रावर साऱ्या शब्दांची अर्थहीन रोमन अक्षरे आणि चिन्हे होतात.

याच्या उलट तलाठ्याच्या दप्तरातील सातबारा डोळ्यांपुढे आणावा. भूमापन क्रमांक, खातेदाराचे नाव, क्षेत्र, आकार, इतर हक्क, पिके : प्रत्येक गोष्टीला तिचा स्वतःचा रकाना आहे, आणि म्हणून कोणत्याही तालुक्याच्या माणसाला कोणत्याही गावचा उतारा वाचता येतो. संरचित खुणांचे लेखन, ज्याला जाणकार मार्कअप म्हणतात, ते हेच करते. फक्त येथे रकाने रेघांनी आखलेले नसून मजकुरातच टोकदार कंसांतील खुणांनी, म्हणजे टॅगांनी, दाखविलेले असतात, आणि कोणता मजकूर ठळक दिसावा हा प्रश्न पुढे, छपाईच्या वेळी सोडविला जातो.

ही कल्पना नवीन नाही. आयबीएममधील चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी १९६९ पासून तिची पहिली भाषा घडविली. १९८६ साली तिच्यातून एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. आणि त्याचेच सुटसुटीत रूप असलेले एक्सएमएल १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रमाणित झाले, म्हणजे चिंचपाडा ज्यात येते तो नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा होऊन अस्तित्वात आला त्याच वर्षी. बोलींचे क्षेत्रकार्य करणाऱ्यांची आपली एक वेगळी परंपराही आहे : टूलबॉक्स या प्रणालीत प्रत्येक ओळीच्या आरंभी उलटी तिरपी रेघ आणि दोन-तीन रोमन अक्षरांची खूण घालून, ही ओळ शब्दाची, ही व्याकरणाची, ही अर्थाची, असे सांगितले जाते. ती रीत टाकाऊ नाही. परंतु आज नव्याने आरंभ करणाऱ्याने एक्सएमएल घ्यावे असे माझे मत आहे, आणि त्याचे एक कारण आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल : एक्सएमएलमधील टॅगांची नावे देवनागरीत ठेवता येतात. तेव्हा एक नोंद अशी दिसू शकते (येथे शब्द मराठी घेतला आहे, मावचीचा शब्द ज्याची ती भाषा आहे त्यानेच भरावा) :

<नोंद>
<शब्द>मोह</शब्द>
<व्याकरण>नाम, पुल्लिंग</व्याकरण>
<अर्थ>पिवळसर, मांसल फुलांचा एक वृक्ष</अर्थ>
<उदाहरण>मोहाची फुले पहाटे वेचतात.</उदाहरण>
<ठिकाण>चिंचपाडा</ठिकाण>
</नोंद>

संगणक न शिकलेल्या माणसालाही हे वाचता येते. उद्या ज्या प्रणालीत हे लिहिले ती नामशेष झाली तरी ही अक्षरे साध्या मजकुराच्या स्वरूपात राहतील, आणि कोणत्याही यंत्रावर उघडतील.

आता एडिटर. विनामूल्य मिळणाऱ्यांपैकी दोनच नावे सुचवितो. रिचर्ड स्टॉलमन यांचा ग्नू ईमॅक्स १९८५ पासून चालत आलेला आहे, आणि २००९ साली निघालेल्या तेविसाव्या आवृत्तीपासून जेम्स क्लार्क यांनी रचलेला एनएक्सएमएल हा विभाग त्यात अंगभूत आहे. दुसरा मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड, २०१५ पासूनचा. त्यात रेड हॅटची एक्सएमएलसाठीची जोडणी बसवावी लागते. दुसरा शिकावयास सोपा आहे, पहिला जुन्या आणि दुबळ्या यंत्रावरही चालतो. चिंचपाड्यात बसून काम करावयाचे असेल तर मी पहिल्याकडे झुकेन. पण हा पसंतीचा प्रश्न आहे, आणि त्यावर वेळ घालवू नये.

ज्यावर वेळ घालवावा ती गोष्ट म्हणजे स्कीमा. स्कीमा ही एक छोटी वेगळी फाईल असते, आणि तिच्यात नोंदीची घटना लिहिलेली असते : नोंदीत शब्द एकच असेल आणि तो प्रथम येईल, व्याकरण एकदाच, अर्थ किमान एक, हवे तर अधिक, उदाहरणे असोत वा नसोत, आणि ठिकाण असलेच पाहिजे. क्लार्क आणि मुराता माकोतो यांनी सिद्ध केलेल्या रिलॅक्स एनजी या पद्धतीच्या संक्षिप्त रूपात हे सारे अवघ्या काही ओळींत मावते, आणि किमान एक यासाठी अधिकचे चिन्ह, असले-नसले तरी चालेल यासाठी तारका, अशी त्याची लिपी आहे. ही फाईल एकदा एनएक्सएमएलला दाखवून दिली की तो लिहिताना सतत तपासणी करतो. ठिकाण न लिहिता नोंद बंद केली की शेवटच्या टॅगखाली लाल रेघ उमटते, आणि पुढे कोणता टॅग चालेल हे विचारले तर तो त्या जागी नियमात बसणारेच टॅग पुढे करतो. ग्रीअर्सनच्या सर्वेक्षणात जी तपासणी कागद मुख्य कचेरीत पोहोचल्यावर, पुष्कळदा नमुना देणारा माणूस दूर राहिल्यावर होत असे, ती येथे शब्द सांगणारी आजी समोर बसलेली असतानाच होते, आणि राहिलेली गोष्ट तिला त्याच क्षणी विचारता येते. माझ्या लेखी एडिटरची निम्मी किंमत या एका गुणात आहे. (व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्येही अशी तपासणी होते, तेथे डीटीडी किंवा एक्सएसडी प्रकारची स्कीमा लिहावी.)

यानंतर कळफलक, आणि येथे देवनागरीत लिहिणाऱ्याची एक विशिष्ट अडचण आहे, जिचा उल्लेख परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही. सरकारमान्य इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून स्वल्पविरामाची कळ मारली की ष उमटतो आणि पूर्णविरामाच्या कळीवर दंड उमटतो. म्हणजे ज्या टोकदार कंसांवाचून टॅग लिहिता येत नाही, त्यांच्या जागा अक्षरांनी घेतलेल्या असतात. प्रत्येक टॅगसाठी इंग्रजी कळफलकावर जाऊन परत यावयाचे म्हटले तर एका नोंदीत बारा टॅग येतात, आणि लिहिणारा दोन दिवसांत वर्डकडे परत जातो. यावर उपाय असा की टॅग हाताने लिहूच नयेत. दोन्ही एडिटरांत रिकाम्या नोंदीचा सांगाडा साठवून ठेवता येतो. एक ठरलेली कळ दाबली की पाचही रकान्यांची पूर्ण नोंद पानावर उतरते आणि कर्सर शब्दाच्या जागी जाऊन थांबतो. मग हाताला केवळ देवनागरीच लिहावी लागते. ही एवढी सोय लावण्यास एक दुपार लागली तरी ती पुढे पदोपदी भरून निघते.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून अधिक घातक. दऱ्या आणि दर्या हे दोन शब्द मराठी माणूस कधी एक समजणार नाही. परंतु दऱ्या या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये तीन प्रकारांनी लिहिता येतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त चिन्ह घेऊन, किंवा साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त चिन्ह घेऊन, किंवा साधा र, हलन्त चिन्ह आणि त्यानंतर रुंदी नसलेले एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर तिन्हींचे रूप एकच. पहिली दोन रूपे युनिकोडच्या सामान्यीकरणाने एक होतात, तिसरे मात्र होत नाही. परिणाम असा की एका सहकाऱ्याने एका प्रकाराने आणि दुसऱ्याने दुसऱ्या प्रकाराने लिहिलेला तोच शब्द शोध घेताना निम्म्या ठिकाणी सापडतो, अनुक्रम लावताना दोन जागी विभागला जातो, आणि कोशात एकाच शब्दाच्या दोन नोंदी शिरतात. तेव्हा आरंभीच एक रूप ठरवावे. मी पहिले सुचवेन. एडिटरमध्ये अदृश्य अक्षरे दाखविण्याची सोय चालू ठेवावी, आणि आठवड्यातून एकदा शोधा-आणि-बदला ही आज्ञा चालवून तिसरे रूप पहिल्यात आणावे. बोलीच्या एखाद्या ध्वनीसाठी खास चिन्ह वापरावयाचे झाल्यास तेही याच वेळी ठरवून, अक्षरांच्या एका तक्त्यात लिहून फाईलींशेजारी ठेवावे.

बाकीची मांडणी थोडक्यात सांगून भागते. फाईल यूटीएफ-८ मध्ये साठवावी. लांब ओळ पडद्यापुरती वळावी, प्रत्यक्ष मजकुरात तोडली जाऊ नये. नोटो सान्स देवनागरी किंवा ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ यांसारखा फाँट घेऊन ओळींमधील अंतर नेहमीपेक्षा वाढवावे, म्हणजे वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांत अडकत नाहीत. मराठी शुद्धलेखन तपासनीस जोडला असेल तर तो मावची शब्दांवर बोट ठेवणार नाही अशी व्यवस्था करावी. त्यासाठी, आणि पुढे येणाऱ्या संशोधकासाठीही, शब्दाच्या टॅगवर भाषेचा आंतरराष्ट्रीय संकेत नोंदवावा. मावचीला एम-के-ई असा स्वतःचा तीन अक्षरी संकेत आहे. मराठीची उपबोली म्हणून तिची नोंद होऊ देऊ नये.

तलाठ्याच्या दप्तरात सातबाऱ्याबरोबर गाव नमुना सहा, म्हणजे फेरफारांची नोंदवही असते, आणि सातबाऱ्यातील बदल तिच्यात नोंदविल्यावाचून होत नाही. एडिटरला जोडता येणारे गिट हे साधन (लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते लिहिले) संग्रहासाठी हीच वही ठेवते : कोणत्या दिवशी, कोणी, कोणती नोंद बदलली आणि पूर्वी ती कशी होती. संग्रह एकापेक्षा अधिक माणसांनी करावयाचा असेल तर ही वही पहिल्या दिवसापासून हवी, कारण बोलीतील शब्दाच्या अर्थावर दोन घरांचे मतभेद होतात, आणि ते दोन्ही अर्थ जपण्याजोगे असतात. गिटला इंटरनेट सतत लागत नाही. आपल्याच यंत्रावर ते पूर्ण चालते, आणि जोडणी मिळेल तेव्हा, किंवा पेनड्राईव्हवरून, दुसऱ्या यंत्रावर प्रत नेता येते.

अशा रीतीने जमलेल्या एकाच संग्रहातून, एक्सएमएलचे रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटी या भाषेच्या साहाय्याने, मावची–मराठी कोश छपाईसाठी काढता येतो, अर्थांचा अनुक्रम लावून शाळेतील मुलांसाठी मराठी–मावची सूची निघते, आणि उदाहरणे तेवढी वेगळी करून वाचनपाठही होतात. मूळ नोंदीला हात लावावा लागत नाही. ठिकाणाचा रकाना सक्तीचा का, हेही तेव्हा ध्यानात येते. मावची नवापूर तालुक्यात संपत नाही, ती सीमेपलीकडे गुजरातेतही बोलली जाते. तिकडच्या एखाद्याने याच स्कीमेने आपला संग्रह केला, तर दोन्ही फाईली शेजारी ठेवून चिंचपाड्याचा शब्द आणि पलीकडच्या गावचा शब्द कोठे जुळतात आणि कोठे वेगळे होतात, हे एका आज्ञेने पडद्यावर मांडता येते. आणि नव्याने आढळलेला प्रत्येक भेद पुन्हा त्या त्या गावी जाऊन, बोलणाऱ्या माणसाला विचारून पक्का करावयाचे काम तेथून सुरू होते.