मानसशास्त्राने स्वतःचंच दार तपासलं तेव्हा

मानसशास्त्रात संशोधन करायचं आहे आणि त्यासाठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश हवा आहे. काय काय लागतं? नेदरलँड्समधला दोन वर्षांचा, १२० क्रेडिटचा ‘रिसर्च मास्टर’ घ्या, नाहीतर अमेरिकेतले पीएचडीकडे नेणारे अभ्यासक्रम घ्या. यादी जवळपास सारखीच निघते. विषयातली पदवी आणि चांगले गुण, संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धतीचे पेपर, इंग्रजीची परीक्षा, कुठे कुठे जीआरई ही प्रवेशपरीक्षा, दोन-तीन शिफारसपत्रं, ‘मला हेच का शिकायचंय’ सांगणारा निबंध आणि काही ठिकाणी मुलाखत.

वाचताना जांभई यावी अशी ही यादी. पण जरा थांबा. माणूस दुसऱ्या माणसाला कसा जोखतो, हा ज्या शास्त्राच्या अभ्यासाचाच विषय आहे, त्याच शास्त्राचे प्राध्यापक दरवर्षी अर्जांचा गठ्ठा पुढे घेऊन माणसं जोखायला बसतात. आपल्याला हे जमतं का, हा प्रश्न त्यांना कधीतरी पडणारच होता. तो पडला, आणि त्यांनी त्याचं उत्तर मोजून काढलं!

हे मोजलं रॉबिन डॉझ यांनी, अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठात. त्यांचा शोधनिबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. विभागाच्या प्रवेश समितीने अर्ज वाचून प्रत्येक उमेदवाराला एक दर्जा दिलेला होता. प्रवेश मिळालेली मुलं पुढे काही वर्षं शिकली, आणि मग त्यांना रोज पाहणाऱ्या प्राध्यापकांनी ती कशी निघाली ते सांगितलं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, की समितीचा अंदाज किती खरा ठरला ते कळतं. अंदाज आणि वास्तव यांचा काहीच मेळ नसेल तर सहसंबंध ० येतो, पूर्ण मेळ असेल तर १ येतो. समितीचा किती आला? ०.१९.

आता डॉझ यांनी पुढे काय केलं पाहा. त्यांनी अर्जातले फक्त तीन आकडे घेतले: जीआरईचे गुण, पदवीचे गुण आणि पदवी ज्या संस्थेतून घेतली तिचा दर्जा. निबंध बाजूला, शिफारसपत्रं बाजूला. तिन्ही आकडे एका मापावर आणायचे, सारखंच वजन द्यायचं आणि बेरीज करायची. बस्स. ही बेरीज शाळकरी मुलगाही करू शकेल. तिचा मेळ आला ०.४८.

समितीपुढे तर हे तीन आकडेही होते आणि त्यांच्याशिवाय बरंच काही होतं. जास्त माहिती हाताशी असून अंदाज कच्चा कसा? याचं उत्तर आणखी एका प्रयोगात दडलेलं आहे, आणि मला या सगळ्या गोष्टीतला तो सर्वांत विलक्षण वाटतो. डॉझ यांनी समितीचंच एक गणिती प्रतिरूप तयार केलं. समिती कुठल्या आकड्याला साधारण किती महत्त्व देते, हे तिच्याच निर्णयांवरून काढलं आणि त्या सूत्राला अंदाज करायला लावलं. म्हणजे हे सूत्र समितीकडूनच शिकलेलं. तरीही त्याचा मेळ ०.२५ आला, समितीपेक्षा सरस. शिष्य गुरूच्या पुढे गेला, आणि तेही गुरूने दिलेल्या विद्येवरच!

कारण माणूस रोज सारखा नसतो. सकाळी वाचलेल्या अर्जात ज्या गोष्टीला आपण महत्त्व देतो, ती दुपारी चाळिसाव्या अर्जात नजरेतून निसटते. एखाद्या निबंधातलं एखादं वाक्य मनात घर करतं आणि गुणपत्रिका मागे पडते. सूत्र दमत नाही, भारावतही नाही. समितीचं शहाणपण त्यात उतरतं, तिची चलबिचल गळून जाते. आणखी गंमत म्हणजे आकड्यांना अगदी अंदाधुंद वजनं दिली, फक्त जास्त गुण म्हणजे चांगलं एवढीच दिशा पाळली, तरी सरासरी मेळ ०.३९ येतो.

मिनेसोटा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ सालीच असा इशारा दिला होता. तज्ज्ञांचा अंदाज आणि साधं सूत्र यांची गाठ घालून देणारे वीसेक अभ्यास त्यांनी एका पुस्तकात तपासले आणि तज्ज्ञ क्वचितच जिंकतात हे दाखवलं. पण निष्कर्ष दुसऱ्यांबद्दल असतो तेव्हा पटायला सोपा जातो. डॉझ यांनी तो आपल्याच विभागाच्या टेबलावर आणून ठेवला.

इथे तुम्ही म्हणाल, कागद वाचून माणूस कळत नाही, समोर बसवून बोलायला हवं. मुलाखत घ्या! हाही प्रयोग झाला. जेसन डाना, डॉझ आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांचे पुढचे गुण ओळखायला सांगितलं. काही मुलाखतींत उत्तरं देणाऱ्याला गुपचूप एक नियम दिला होता. प्रश्नातल्या शेवटच्या दोन शब्दांची आद्याक्षरं पाहायची आणि त्यावरून हो किंवा नाही ठरवायचं. म्हणजे उत्तरं निव्वळ यदृच्छेने दिलेली. मुलाखत घेणाऱ्यांना पत्ता लागला का? नाही. त्या असंबद्ध उत्तरांतूनही त्यांना सुसंगत माणूस दिसला आणि ‘हा आपल्याला चांगला कळला’ असं त्यांना वाटलं. आधीचे गुण त्यांच्यापुढे होतेच. नुसत्या त्या गुणांवरून केलेला अंदाज मुलाखतीनंतरच्या अंदाजापेक्षा बरा ठरला. हा निबंध २०१३ साली छापून आला. डॉझ त्याआधीच, २०१० साली वारले होते.

याहून मोठा प्रयोग तर योगायोगाने घडला. ह्यूस्टनमधल्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १९७९ साली सुमारे ८०० उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या आणि १५० जण निवडले. तेवढ्यात राज्याच्या विधिमंडळाने आणखी ५० जागा भरायला सांगितलं. तोवर वरच्या क्रमांकांची मुलं दुसरीकडे गेली होती, त्यामुळे यादीच्या तळाची घ्यावी लागली. काही वर्षांनी दोन्ही गटांची कामगिरी तपासली. लक्षणीय फरकच नव्हता. मुलाखतीने मागे टाकलेली ती मुलं निवडलेल्यांइतकीच चांगली ठरली.

शिफारसपत्रांचं काय? १९८१ साली बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांना असं दिसलं, की एकाच माणसाने दोन वेगळ्या उमेदवारांसाठी लिहिलेली पत्रं एकमेकांशी जास्त जुळतात. एकाच उमेदवाराबद्दल दोघांनी लिहिलेली पत्रं मात्र तितकी जुळत नाहीत. पत्रात उमेदवारापेक्षा लिहिणाराच जास्त उमटतो! तरी पत्रं अगदीच निकामी नाहीत. पुढे २०१४ साली झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात दिसलं, की उमेदवार पदवी पुरी करेल की नाही याचा थोडा अंदाज पत्रांतून येतो. तो गुणांतून येणाऱ्या अंदाजात भर घालणारा असतो. सुरू केलेलं काम हा माणूस तडीस नेतो का, हे गुणपत्रिकेत कुठे लिहिलेलं असतं?

आता जीआरईबद्दल नेहमी ऐकू येणारी एक तक्रार. प्रवेश मिळालेल्या मुलांमध्ये पाहिलं तर जीआरईचे गुण आणि पुढचं यश यांचा फारसा संबंध दिसत नाही, मग परीक्षा कशाला? डॉझ यांनी १९७५ साली ‘सायन्स’मध्ये याचा उलगडा केला. समजा तुम्ही बाजारात आंबे निवडताय. रंग उत्तम असेल तर वास थोडा कमी चालतो, वास घमघमीत असेल तर रंग डावा चालतो. घरी आल्यावर पिशवीतले आंबे पाहिले, तर उजळ रंगाचे कमी वासाचे आणि घमघमीत ते फिक्या रंगाचे असंच दिसेल. बाजारात रंग आणि वासाचं असं वैर नव्हतं, ते तुमच्या निवडीने तयार केलं. जीआरईत कमी पडूनही जो आत आला, त्याचं दुसरं काहीतरी दणदणीत होतं म्हणूनच आला. म्हणून आतल्या मुलांत परीक्षेचा जोर पुसट दिसतो. २००१ साली ८२,००० हून जास्त विद्यार्थ्यांचा डेटा एकत्र करून पाहिलं तेव्हा जीआरईचा उपयोग दिसून आला, आणि त्यातही ज्या त्या विषयाच्या परीक्षेचा सर्वांत जास्त. अलीकडे अनेक विभागांनी जीआरई काढून टाकली आहे. तिचा खर्च आणि ती सगळ्यांना सारख्याच संधी देते का, हे प्रश्न खरे आहेत. पण ‘आमच्या मुलांत तिचा संबंध दिसत नाही’ हे त्यासाठीचं कारण मला पटत नाही.

राहिली संख्याशास्त्राची अट, जिच्यामुळे अनेकांचा जीव दडपतो. २०१५ साली जगभरच्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा निकाल होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. स्वतःच्या ज्ञानाची अशी झडती घेणारं शास्त्र नव्या संशोधकाकडे आकड्यांची जाण मागणारच.

माणसं जोखण्याच्या या अडचणीतून बाहेर काढणारी सर्वांत आशादायक वाट नेदरलँड्समध्येच, ग्रोनिंगन विद्यापीठात सापडली. तिथल्या मानसशास्त्राच्या पदवीसाठी सुझन नीसेन आणि रॉब मायर यांनी एक साधी युक्ती अभ्यासली. उमेदवाराला अभ्यासक्रमातल्या पाठ्यपुस्तकाचा एक भाग वाचायला द्यायचा आणि त्यावर परीक्षा घ्यायची. पुढे जे करायचं आहे त्याचाच एक तुकडा आधी करून पाहायचा! त्या परीक्षेचे गुण पहिल्या वर्षाच्या निकालाशी छान जुळले.

तेव्हा पुण्याहून, नाशिकहून, गोव्याहून असा अर्ज करायचा विचार असेल तर निबंधातल्या पहिल्या वाक्यावर महिना घालवू नका. आत्ताच तुमच्या सरांकडे किंवा मॅडमकडे जा आणि एक छोटा अभ्यास मागून घ्या: प्रश्न तुमचा, माहिती तुम्ही गोळा केलेली, विश्लेषण तुमच्या हातचं. तो पुरा करा. मग शिफारसपत्रही त्यांच्याकडूनच घ्या, आणि तुम्ही हुशार आहात हे लिहिण्याऐवजी त्या कामात तुम्ही काय काय केलंत ते लिहायला सांगा.