कोपरा पक्का आहे का?

दोस्तांनो, पावसाळा सरता सरता एखाद्या संध्याकाळी पिंपळगाव बसवंतला या. मुंबई-आग्रा महामार्गावर, नाशिकपासून तासाभराच्या आत पोचाल. बाजार समितीकडे टोमॅटोच्या क्रेटांचे डोंगर लागलेले असतात, पिकअप गाड्यांची रांग असते आणि हॉर्नचा नुसता कालवा! त्या गलक्यातून वाट काढत मैदान गाठलंत की कानावर पडतो आपला ओळखीचा दम... कबड्डी, कबड्डी, कबड्डी...

हे दिवस कॉलेजच्या मुलांच्या तयारीचे. इथलं क. का. वाघ महाविद्यालय असो की शेजारच्या गावातलं एखादं, सगळी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नाशिक विभागातली. आधी विभागातल्या कॉलेजांचे आपसांत सामने, मग विभागाचा संघ, त्यातून विद्यापीठाचा संघ, आणि मग देशभरच्या विद्यापीठांशी गाठ. शिडी लांबलचक आहे आणि पहिली पायरी घसरली की वर्ष संपलं!

अशा वेळी गावात कुणालाही विचारा, "यंदा संघ कसा आहे?" उत्तर ठरलेलं. "चढाईला तो अमका आहे ना, मग काय चिंता!" चढाईपटूचं नाव लगेच निघतं. नाशिकचा आकाश शिंदे २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, तोही चढाईपटूच. आपल्या पोरांना असंच व्हायचं असतं, आणि त्यात वावगं काहीच नाही.

पण मला विचाराल, तर मी उलटा प्रश्न करीन. "कोपरे कोण खेळतंय? कव्हरला कोण आहे?"

का ते सांगतो. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचं अंगण. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा. बोनस रेषेच्या मागे उरली किती जागा? अवघी पावणेदोन मीटर! या एवढ्याशा पट्टीच्या दोन टोकांना दोघं उभे असतात, डावा कोपरारक्षक आणि उजवा कोपरारक्षक. त्यांच्या आत, थोडे पुढे, मध्यरक्षक. मैदानावर सगळे त्यांना 'कव्हर'च म्हणतात. हातात हात गुंफून ही माणसं जी माळ करतात, ती साखळी.

द्राक्षाची बाग तर तुम्ही पाहिलीच असेल. निफाड तालुक्यातल्या मुलांना हे सांगायला नकोच. मांडवावर वेलींचं, घडांचं टनावारी ओझं असतं. ते मधले खांब तोलतात असं वाटतं खरं, पण तारा ताणून धरतात ते कडेचे आणि कोपऱ्याचे खांब, जमिनीत गाडलेल्या ताणांच्या जोरावर. कोपऱ्यातला एक खांब ढिला पडला की अख्खी ओळ झुकते. कबड्डीतला कोपरा म्हणजे हाच खांब, बरं का!

आता त्याचं काम बघा. चढाईपटू बोनससाठी पाय लांब टाकतो. समोर सहा किंवा सात जण असले तरच बोनस मिळतो, त्यामुळे डाव भरलेला असताना त्याचा डोळा कोपऱ्यावर असतो. तो पाय टेकतो न टेकतो, तोच कोपरारक्षकाने झेप घेऊन घोटा पकडायचा. पण नुसता घोटा धरून भागत नाही. समोरचा गडी ओढत ओढत मध्यरेषेकडे निघतो. त्याच क्षणी कव्हरने येऊन मांडी, नाहीतर कंबर धरायला हवी. कव्हर अर्ध्या सेकंदाने उशिरा आला तर? कोपरा बाद. आणि दोघे-तिघे अंगावर पडूनही त्या पठ्ठ्याने बोटभर हात मध्यरेषेपलीकडे टेकवला, तर झोंबलेले सगळेच बाद!

म्हणजे धाडस एकाचं आणि हिशेब सगळ्यांचा. शिवाय पकड जमली तरी एकच गुण. (मैदानात तिघे किंवा त्याहून कमी उरले असताना पकड केली, तर आजच्या नियमाने एक जादा मिळतो. तिला अव्वल पकड म्हणतात.) चढाईपटू मात्र एका दमात तीन-चार गुण घेऊन येतो. प्रो कबड्डीचे आकडेच पाहा ना. प्रदीप नरवालचे चढाईचे गुण अठराशेच्या घरात गेले. आणि इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली, ज्याच्यासारखा कोपरा आजवर झाला नाही असं पुष्कळ जण मानतात, त्याने पकडीचे पाचशे गुण ओलांडले तर केवढा मोठा विक्रम ठरला!

टाळ्या कुठे वाजणार ते आलं ना लक्षात?

ही गंमत फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत जो फुटबॉल खेळतात त्यात चेंडू हातात घेऊन धावतात. तिथे कॉलेजचे सामने पाहायला लाखभर माणसं स्टेडियममध्ये मावतात. चेंडू फेकणाऱ्या गड्याच्या पुढे पाच दांडगे खेळाडू भिंत करून उभे असतात. चेंडू फेकणं, झेलणं हे त्यांचं कामच नव्हे. त्यांनी फक्त समोरच्यांना थोपवायचं. तरी हंगामाच्या तोंडावर तिथले जाणकार आधी ही पाच जणांची ओळ तपासतात. भिंतच फुटली तर मागचा हिरो काय करणार? आपल्या खेळातली भिंत पकडणारी आहे, त्यांची अडवणारी, एवढाच फरक.

आता जकार्ताची गोष्ट. कबड्डी १९९० साली आशियाई स्पर्धेत आली. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांची सातही सुवर्णपदकं भारताची. २०१८ साली जकार्ताला आपला संघ गेला तो अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी असे एकापेक्षा एक चढाईपटू घेऊन. उपांत्य सामन्यात समोर इराण. निकाल लागला इराण २७, भारत १८. अठरा! ज्यांची नावं घराघरात ठाऊक होती, त्या मंडळींना इराणच्या साखळीने जखडून टाकलं होतं. पुढे २०२३ मध्ये हांगझोला अंतिम सामन्यात आपण त्याच इराणला ३३-२९ असं हरवलं आणि पदक परत आणलं. पण जकार्ताची ती संध्याकाळ ज्यांनी पाहिली, ते 'चढाईला अमका आहे' एवढ्यावर गप्प बसत नाहीत.

मग तुम्हीही यंदा एक काम करा. तुमच्या जवळच्या कॉलेजचा सराव बघायला जा. बरोबर एक वही आणि पेन्सिल. धाकट्या भावंडालाही न्या, त्याला मोजायला बसवा. चढाईपटूकडे बघायचंच नाही! अवघड जातं, डोळे आपोआप त्याच्याकडे पळतात. मी तर पहिले दोन दिवस फसलो होतो.

पहिल्यांदा पाय बघा. चढाई सुरू असताना साखळी डावीकडून उजवीकडे सरकते. तेव्हा सगळ्यांची पावलं एका लयीत पडतात की एखादा मागे रेंगाळतो? जिथे रेंगाळतो तिथेच फट पडते आणि हुशार गडी पहिल्या दोन चढायांत ती फट हेरतो.

मग मोजा, पकडीला दुसरा कोण पोचला. पहिला नव्हे, दुसरा! दहा पकडी बघा आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या क्रमांकाने झेप घेणाऱ्याचा नंबर लिहा. एकच नंबर पाच-सहा वेळा आला, तर संघाचा खरा आधार तुम्हाला सापडला. बहुतेक वेळा तो दिसायला साधाच असतो, बनियनही मळका.

घाईच्या पकडी वेगळ्या लिहा. चढाईपटू अजून निदान रेषेपाशी घुटमळतोय, आणि आपला गडी वाघासारखा त्याच्यावर धावून जातो. बघायला झकास! पण साखळी तुटते आणि गुण जातो. सरावात अशा पकडी जास्त दिसल्या, तर हंगामात त्या दुप्पट होतील असं समजा. सामन्यात रक्त आणखी तापतं ना!

आणि थांबून राहा, डाव अर्धा होईपर्यंत. सात जण असताना साखळी छान दिसतेच. तिघे उरल्यावर काय होतं? कोपरा बाद झाला की त्या जागेवर दुसऱ्याला उभं राहावं लागतं. कव्हरला कोपरा खेळता येतो का? की तो बावरून अंतिम रेषेपर्यंत मागे सरकतो? लोण बसतं ते इथे. लोणाचे जादा दोन गुण, शिवाय समोरच्यांचा उत्साह वाढतो तो वेगळाच.

माझी एक आठवण सांगतो. कॉलेजात असताना मी संघात होतो. होतो म्हणजे काय, राखीव! आमचा डावा कोपरा पाच फूट चार इंचांचा, काडीपैलवान. पण त्याने कव्हरचा हात दाबला की कव्हरला कळायचं, आता हा झेपावणार. दोघांचं असं जमलेलं की त्यांना बोलावं लागत नसे. सामने आले ऐन ऑक्टोबर छाटणीत. घरी दीड एकर बाग, माणूसबळ कमी, वडिलांची कंबर धरलेली. गडी आठ दिवस सरावाला आला नाही. सरांनी त्याला वगळलं आणि उंच, भरदार असा दुसरा मुलगा कोपऱ्याला घेतला.

पहिल्या डावात आम्ही पुढे होतो. दुसऱ्या डावात समोरच्यांनी डावीकडूनच चढाया सुरू केल्या. नव्या कोपऱ्याने दोनदा घोटा पक्का धरला, दोन्ही वेळा एकट्यानेच. कव्हर वाट बघत होता हात दाबला जाण्याची, आणि तो इशारा नव्या मुलाला कुणी सांगितलाच नव्हता! लोण बसलं आणि तीन गुणांनी आम्ही घरी. जुना कोपरा कडेला बसून होता, छाटणीच्या कात्रीने बोटांना आलेले फोड चोळत. तो काहीच बोलला नाही. आम्हीही नाही.

सरांचं चुकलं का? सरावाला न येणाऱ्याला खेळवलं असतं, तर रोज येणाऱ्या बाराव्या मुलाने काय समजायचं? तो बारावा मीच होतो, म्हणून सांगतो. पण आठ दिवसांत साखळी नव्याने बांधता येत नाही हेही तितकंच खरं. कंबर, दंड, उंची हे सगळं वजनकाट्यावर आणि टेपने मोजता येतं. हात दाबल्यावर कळणं मोजता येत नाही.

आईबाबांसाठी जाता जाता एक. छाटणीची तारीख घरात महिनाभर आधी ठरलेली असते आणि सामन्यांचं वेळापत्रकही साधारण ठाऊक असतं. मुलगा किंवा मुलगी संघात असेल, तर त्या तारखा आधीच सरांच्या कानावर घाला. मुलींच्या घरी तर हे आणखी आधी बोलावं लागतं. त्यांचं मैदान थोडं लहान, १२ बाय ८ मीटरचं. त्यात साखळी आणखी दाट आणि एकीची गैरहजेरी आणखी जाणवणारी.

तर मंडळी, कधी निघताय? वहीत डावा कोपरा, डावा कव्हर, उजवा कव्हर, उजवा कोपरा असे चार रकाने आखा आणि पाचवा 'दुसरा कोण पोचला' याचा. तीन संध्याकाळी भरा. मग पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी वर्गात पैज लावा, पैशांची नव्हे, भेळेची! आणि वहीत काय निघालं ते आम्हाला पत्राने कळवा. मैदानाचं नाव लिहायला विसरू नका.