सुमीत: आपल्या वाटणासाठी घडलेला मिक्सर

पाट्यापुढे अर्धा-अर्धा तास उकिडवं बसून वाटण वाटलेली बाई मिक्सरचं मोल कुणालाही विचारत नाही. पण सुरुवातीचे परदेशी मिक्सर तिच्या स्वयंपाकासाठी घडलेलेच नव्हते. फळांचा रस, केकचं मिश्रण एवढं त्यांना जमे. भिजवलेली उडीदडाळ किंवा खोबऱ्याचं घट्ट वाटण घातलं की मोटर तापायची आणि जळायची.

मुंबईत माधुरी माथुर यांच्या जर्मन ब्राऊन मिक्सरनं १९६३ साली असाच दम तोडला. दुरुस्तीची सोय देशात नव्हती. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. त्यांनी नवं यंत्रच घडवायला घेतलं आणि ‘सुमीत’ आला. सुमीत म्हणजे चांगला मित्र.

या यंत्राचं खरं मोठेपण मला त्याच्या हिशोबात दिसतं. हळकुंड फोडायला वेग लागतो, पण घट्ट डाळीत पातं अडकलं की नुसता वेग कामाचा नाही, जोर हवा. त्यासाठी दणकट मोटर आणि स्टीलचं भांडं दिलं. सुक्या मसाल्याला एक पातं, ओल्या वाटणाला दुसरं. इडलीचं पीठ, मालवणी वाटण, शेंगदाण्याचं कूट, सगळं एकाच यंत्रावर. सकाळी त्याचा आवाज अख्ख्या चाळीला ऐकू जाई, आणि मला तो कधीच कर्कश वाटला नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ‘मिक्सर’ म्हणजे सुमीत, असंच अनेक घरांत चाले.

मग स्पर्धा वाढली. चेन्नईत १९७८ साली प्रीती सुरू झाली, पुढे इतरही आले. पण सुमीतवरचा मोठा घाव घरातूनच बसला. माथुर कुटुंबातल्याच दोन कंपन्या एकाच नावासाठी कोर्टात गेल्या. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं मूळच्या पॉवर कंट्रोल अप्लायन्सेसच्या बाजूनं कौल दिला: एका चिन्हाचा उगम एकच आणि मालकही एकच. हा निकाल वकील आजही आधाराला घेतात. पण भांडण कोर्टात चालू असताना गिऱ्हाइकानं कोणतं सुमीत खरं मानायचं? ज्या नावावर डोळे मिटून पैसे टाकत, त्या नावाबद्दलच दुकानात चौकशी करावी लागावी, याची मला फार हळहळ वाटते.

आईचा सुमीत अजून ओट्यावर आहे. कार्बन ब्रश किती वेळा बदलले, ते तिला आठवत नाही. गणपतीला आमटीचं वाटण मात्र त्याच्यावरच होतं.