मराठी 'ऱ्य' आणि संगणकीय मुद्राक्षरे

ओझरच्या पश्चिमेस, जुन्नर तालुक्याच्या कड्यावरून कोकणात उतरणाऱ्या एका जुन्या वाटेस दाऱ्या घाट म्हणतात. या नावातील 'ऱ्य' हे जोडाक्षर संगणकावर लिहिताना जी अडचण उद्भवते, तिचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

मराठीत 'र्' पुढील व्यंजनास दोन प्रकारे जोडला जातो. 'दर्या' म्हणजे समुद्र. येथे रेफामुळे आधीच्या 'द'वर आघात येऊन तो गुरू होतो. 'दऱ्या' हे 'दरी'चे अनेकवचन. येथे 'द' लघूच राहतो. 'आचार्यास' व 'आचाऱ्यास' ही जोडीही अशीच आहे. तेव्हा हा भेद केवळ वळणाचा नसून उच्चाराचा व अर्थाचा आहे.

संगणक अक्षराची आकृती साठवीत नाही. वर्णांचे संकेतांक क्रमाने साठवितो. त्यांना आकृती देण्याचे कार्य मुद्राक्षरसंच करतो. र, हलन्त आणि य असा क्रम दिल्यास नियमानुसार रेफच उमटतो. मराठी 'ऱ्य' साधण्यास युनिकोड या संकेतप्रणालीत दोन मार्ग आहेत. पहिल्यात 'र'ऐवजी नुक्तायुक्त 'ऱ' योजतात. दुसऱ्यात हलन्तानंतर एक अदृश्य संयोजक चिन्ह घालतात. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून हा मार्ग कायम ठेवण्यात आला. मुद्राक्षरसंचात योग्य आकृतीची सोय नसेल, तर पहिल्या मार्गाने लिहिलेला 'ऱ' खाली टिंब व हलन्त घेऊन सुटा उभा राहतो.

परंतु याहून गंभीर दोष डोळ्यांस दिसत नाही. दोन्ही मार्गांनी लिहिलेला 'दाऱ्या' कागदावर एकसारखाच उमटतो. संगणकास मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. स्थलनामांच्या सूचीत एका रीतीने नोंदलेले गाव दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्यास सापडणार नाही, आणि ते सूचीत नाहीच असा त्याचा समज होईल.

हा प्रश्न एकट्या मराठीचा नव्हे. हिब्रू बायबलात यरुशलेम या नावातील 'लामेद' अक्षराखाली दोन स्वरचिन्हे येतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणात त्यांचा क्रम उलटतो. तो राखण्यासाठी त्यांच्यामध्येही एक अदृश्य चिन्ह घालावे लागते.

सबब, स्थलनामे किंवा हस्तलिखिते संगणकावर उतरविण्यापूर्वी अभ्यासकांनी 'ऱ्य' व 'ऱ्ह' यांच्या लेखनाची एकच रीत ठरवावी आणि शोधप्रणालीत दोन्ही रीती समान मानण्याची व्यवस्था करावी. छापलेला उतारा शुद्ध दिसला, एवढ्यावरून पाठ शुद्ध आहे असे समजणे योग्य होणार नाही.