नंगारा : वाद्य, वास्तू आणि तांडा

यवतमाळ जिल्ह्यातील पूस नदी पुसद व महागाव या तालुक्यांतून वाहत जाऊन पैनगंगेस मिळते. तिच्या खोऱ्यात बंजारा समाजाचे तांडे जागोजागी दृष्टीस पडतात. या तांड्यांचे श्रद्धास्थान म्हणजे लगतच्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी. संत सेवालाल महाराजांची समाधी तेथेच आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. या वास्तूला नंगाऱ्याचा आकार दिलेला आहे. एखाद्या समाजाने आपल्या वारशाची खूण म्हणून वाद्याचीच निवड का करावी, हा प्रश्न अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

नंगारा हे चामड्याने मढविलेले, काठीने वाजविण्याचे मोठे वाद्य. सेवालाल महाराजांच्या आरतीस व भोगाच्या प्रसंगी तो वाजतो. होळीच्या नृत्यगीतांस त्याचाच ठेका असतो. नंगारा वाजला की तांडा एकत्र येतो. नायक आणि कारभारी यांच्या विचाराने चालणाऱ्या समूहात अशा हाकेचे महत्त्व उघड आहे.

हा समूह पूर्वी स्थिर नव्हता. बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य व मीठ दूरदेशी पोचविणे हा त्याचा व्यवसाय. 'लमाण' हे नाव लवणावरून आले, असे सामान्यतः मानले जाते. दख्खनमधील मोहिमांत मोगल व इंग्रज या दोन्ही फौजांना बंजाऱ्यांनी रसद पुरविली. मुक्कामाची जागा बैलांच्या चारापाण्यावरून ठरत असल्याने नदीनाल्यांचे काठ त्यांच्या मार्गांशी निगडित होते. १८६७ मध्ये वऱ्हाडातून नागपूरपर्यंत लोहमार्ग पोचला आणि बैलांच्या पाठीवरील वाहतुकीचे दिवस भरले. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यान्वये काही प्रांतांत बंजाऱ्यांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १९६३ मध्ये, पुसद तालुक्यातील गहुली येथील वसंतराव नाईक हे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले, ही घटना या पार्श्वभूमीवर पाहिली म्हणजे तिचे मोल कळते.

तेव्हा पोहरादेवीची वास्तू हे केवळ वाद्याचे विशालीकरण नव्हे. चालत्या समाजाने आपली हाक एका जागी स्थिर केली, असा तिचा अर्थ लावता येतो. परंतु याच ठिकाणी तिची मर्यादाही आहे. नंगाऱ्याचा आकार बांधता येतो, नाद बांधता येत नाही. गोरबोलीस स्वतःची परंपरागत लिपी नाही. तिच्यातील लडी, भजने व लग्नगीते मुख्यतः मुखपरंपरेने टिकली. ज्यांच्या मुखी ती आहेत त्या वृद्ध पिढीबरोबर ती नाहीशी झाली, तर भव्य वास्तूही मुकीच राहील.

म्हणून विद्यार्थ्याने पोहरादेवीस अवश्य जावे. पण परतताना पूस काठच्या एखाद्या तांड्यावर थांबून, तेथील वडीलधाऱ्यांच्या संमतीने, निदान एक गीत अर्थासह उतरून घ्यावे. वास्तू पाहून जो प्रश्न पडतो, त्याचे उत्तर तांड्यावरच ऐकावयास मिळते.